घर दाखवण्याची पद्धत

घर दाखवायचीसुद्धा एक पद्धत असते, आणि बेळगावातल्या एका ऑफिसात ती जी चालते ती मी लिहिलेली आहे. जागा-घरांची दलाली करणारं ऑफिस. त्यांच्यासाठी मी गेल्या वर्षी अख्खी नियमावली लिहून दिली. गिऱ्हाइकाशी कसं बोलायचं, उतारा कसा तपासायचा, संचकार म्हणजे इसार घेतल्यावर पावती कशी द्यायची, चाव्या कुणाकडे ठेवायच्या. काम चोख झालं आहे. त्याची आठवण झाली की मात्र तोंड धुवावंसं वाटतं.

मी मूळची कारखान्यातली बाई. उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत क्वालिटी विभागात माझी सगळी नोकरी झाली. साचा कसा भरायचा, ओतलेला माल कसा तपासायचा, माल खराब निघाला तर कुणी काय करायचं, हे सगळं लिहून ठेवणं हे माझं काम. त्यात मी एक गोष्ट शिकले. कागदावर आपलं शहाणपण लिहायचं नाही. आधी काम करणाऱ्याच्या शेजारी उभं राहायचं, तो खरंच काय करतो ते बघायचं, आणि तेवढंच लिहायचं. सुधारणा नंतर. साहेब लोक जे सांगतात ते त्यांच्या मनातलं काम असतं, खालचं काम वेगळंच चाललेलं असतं.

निवृत्त झाले आणि वर्षभर घरात बसले. मग आमच्या जुन्या मालकांच्या ओळखीने या दलालांचा फोन आला. बंगळूरची एक मोठी कंपनी त्यांच्या ऑफिसावर आपला बोर्ड लावायला तयार होती, पण त्याआधी कंपनीला यांची कामाची पद्धत छापील हवी होती. आधी मराठीत लिहा, मग आम्ही कन्नड आणि इंग्रजी करून घेऊ, असं ठरलं.

मी हो म्हटलं त्याला माझाही स्वार्थ होता. आम्ही मायलेकी कॅम्पाच्या अलीकडे एका जुन्या अपार्टमेंटमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट नाही. आईचं आयुष्य निपाणीला तंबाखूच्या वखारीत उकिडवं बसून गेलं, आणि त्या बसण्याने आता गुडघ्यांचा सूड घेतला आहे. दवाखान्याशिवाय ती खाली उतरत नाही. उतरायचं तर एकेका पायरीवर बसत, भिंत धरत, आणि वाटेत शेजाऱ्यांचं दार उघडलं की लाजून हसत. तिला फार काही नको होतं. तळमजल्यावर घर, दारात खुर्ची, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याशी दोन शब्द. आमचा फ्लॅट भाड्याने द्यायचा आणि खालचं घर भाड्याने घ्यायचं, असं मी ठरवलं होतं. दलालाच्या ऑफिसात बसल्यावर चार घरं आपसूक कळतील, असा माझा हिशेब.

ऑफिस पहिल्या मजल्यावर, काचेचं. दारात अगरबत्ती, आत एसी, आणि जिन्याच्या कोपऱ्यात माव्याच्या पिचकाऱ्या. मालकांना सगळे अण्णा म्हणत. पांढराशुभ्र शर्ट, मनगटात जाड दोरा. गिऱ्हाईक पुरुष असला की त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन ते दाबत राहत, सोडतच नसत. तो माणूस जाताना पँटला हात पुसायचा ते मी बघितलं आहे. माझ्याशी मात्र ते अदबीने वागत. मॅडम, चहा घ्या. मॅडम, एसी कमी करू काय.

मी माझ्या रिवाजाप्रमाणे फोनवर बसणाऱ्या बाईच्या शेजारी खुर्ची टाकली. नीटनेटकी, संसारी बाई, गळा फार गोड. फोन आला की ती नमस्कार म्हणायची, मग नाव, आडनाव. आडनावावरून अंदाज नाही आला तर "मूळ गाव कुठलं ओ तुमचं?" गावावरूनही नाही कळलं तर "जोतिबा काय यल्लम्मा, कुलदैवत कुठलं?" इतक्या मायेने विचारायची की समोरच्याला वाटावं, ही आपल्यासाठी स्थळ बघतेय. शेवटी खाण्यापिण्याचं. एवढं झालं की मगच घर आहे की नाही ते ठरायचं. तोपर्यंत घर असतही नव्हतं आणि नसतही नव्हतं.

एकदा एक तरुण जोडपं प्रत्यक्षच आलं. दोघं बँकेत नोकरीला, बदली होऊन आलेले. बायको गरोदर होती. त्याने आडनाव सांगितलं आणि फोनवाली बाई चुकचुकली. "अय्या, ते घर कालच गेलं की ओ." ज्या घराबद्दल ते विचारत होते त्याची चावी तिच्या मागच्या खिळ्याला लटकत होती. ती दोघं थँक्यू म्हणून गेली. बायकोला जिना उतरायला त्याने हात दिला.

"घर गेलं?" मी विचारलं.

"न्हाय ओ. मालक अशांना देत न्हाईत."

"अशांना म्हणजे?"

"तुमाला म्हाईत हाय की," ती हसली, आणि पुढचा फोन उचलून तेच घर दुसऱ्याला दाखवायची वेळ ठरवू लागली.

ही गोष्ट मला माहीत नव्हती असं नाही. बेळगावातच कशाला, कुठल्याही गावात भाड्याचं घर शोधलेल्या माणसाला ती माहीत असते. आम्ही बौद्ध आहोत. आमच्या लोकांना तर ती पाठ असते. आमचा फ्लॅट मी कारखान्यातल्या सहकाऱ्याकडून थेट घेतला म्हणून मला स्वतःला हे तोंड बघावं लागलं नव्हतं, इतकंच. पण रोजचं काम म्हणून, हिशेब लिहावा तितक्या सहजपणे चाललेलं मी ते पहिल्यांदाच बघितलं.

मी अण्णांच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, नाव-गाव विचारून घर नाही म्हणून सांगायचं, हे नियमावलीत घालायचं का? मला वाटलं होतं, माणूस चपापेल. सारवासारव करेल.

"घाला की," ते म्हणाले. "नवीन पोरगं कामाला लागलं तर त्याला कळायला नको? उगंच कुणालाबी घेऊन मालकाच्या दारात उभा ऱ्हायचा. तुमी लिवा, येवस्थित लिवा. आमच्या मनात काय न्हाय त्यात. मालक सांगत्यात, आमी ऐकतो."

आणि त्याच दमात त्यांनी विचारलं, "मॅडम, तुमीबी घर बघालासा म्हणं?"

फोनवालीने सांगितलं असणार. मी आईचं सांगितलं. अण्णांनी माझ्या गावाचं नाव विचारलं, मी सांगितलं. निपाणीच्या बाजूचं खेडं. आमचं आडनाव त्या गावावरूनच पडलेलं आहे. आमच्या भागात हे नेहमीचं. गावातल्या बड्या शेतकऱ्यांनी तेच आडनाव लावलं आहे, गुरवांनीही, आणि गावाच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या आमच्या आजोबांनीही शाळेत तेच लिहून घेतलं. त्यावरून माणसाचं गाव कळतं, बाकी काही कळत नाही. अण्णांना मात्र सगळं कळलं.

"मग त्या ऊस-मळेवाल्यांच्यातल्या तुमी. आधी सांगायचं न्हाय काय आक्का. तुमच्या भावकीतल्या एकांची जागा मीच घेऊन दिली खानापूर रोडला."

मी बोलायला तोंड उघडलं, पण ते फोनवर होते. अनगोळातल्या कुणाला तरी सांगत होते की मायलेकी दोघीच हायत, बाई मोठ्या पोस्टवरनं रिटायर झालेल्या, आपल्यातलीच माणसं, आयतु, ठरलं मग, उद्या घेऊन येतो. पलीकडून होकार आला. मॅडमची आक्का व्हायला एवढाच वेळ लागला.

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं, अण्णांनी काय विचारलं आणि काय स्वतःच ठरवलं तेही. ती भिंतीला टेकून ऐकत होती. म्हणाली, "तू खोटं बोललीस काय?"

"न्हाय."

"मग चल की बघायला. विचारलं तर सांगू."

दुसऱ्या दिवशी अण्णांनी आपली गाडी आणली. आईने ठेवणीतली निळ्या काठाची साडी नेसली होती. जिना उतरायला तिला किती वेळ लागला ते मी सांगत नाही. खाली आल्यावर ती रस्त्याकडे बघत राहिली.

घर खरंच छान होतं. अनगोळच्या जुन्या भागात, तळमजला, दारात फरशी घातलेलं अंगण, नळाजवळ कढीपत्ता. मालकीणबाई आईच्याच वयाच्या, एकट्या, वरच्या मजल्यावर राहणाऱ्या. दोघींची गुडघ्यांवरून गट्टी जमली. कुठलं तेल लावतासा, रात्री ठणकतंय का. मालकीणबाई किल्ल्यांचा जुडगा घेऊन एकेक दार उघडून दाखवत होत्या. ही खोली, हे स्वयंपाकघर, इथं सिलिंडर, इथं देव ठेवा. "तुमी खाली असल्यावर मलाबी सोबत होईल," त्या म्हणाल्या. आई अंगणातल्या कट्ट्यावर बसली आणि तिने दोन्ही पाय जमिनीवर टेकवून बघितले.

"मागचं दार दावते चला. मागं कपडे वाळत घालायला जागा हाय," मालकीणबाई म्हणाल्या. मग चालता चालता सहज विचारलं, "गावात तुमचं घर कुठल्या अंगाला ओ आक्का? माझी मावशी दिलीय तिकडं. मारुतीच्या देवळाजवळ."

"आमचं खाली," आई म्हणाली. "ओढ्याच्या अलीकडं. विहार हाय न्हवं, त्याला लागून."

तिने आवाज चढवला नाही की खाली आणला नाही. गावाचा पत्ता सांगावा तसा सांगितला.

मालकीणबाई थांबल्या. चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, फक्त ते आता कुणासाठी नव्हतं. किल्ल्यांचा जुडगा त्यांनी कमरेला खोचला. मागचं दार दाखवायचं राहिलं. "बघू," त्या म्हणाल्या, "पोराला विचारून सांगते. तो पुण्याला असतोय." आणि त्या अण्णांकडे बघायला लागल्या. अण्णा मोबाईलकडे.

अण्णांनी आम्हाला गाडीने परत सोडलं. आमच्या दारात उतरताना आईने अण्णांना म्हटलं, "तुमाला तरास झाला." माझ्या अंगाचा भडका उडाला. त्रास यांना झाला? तुला पायऱ्यांवर बसत बसत वर जायचंय, आणि त्रास यांना?

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात गेले ती काम सोडायला. अण्णांनी केबिनचं दार लावून घेतलं.

"मॅडम, तुमी सांगायला पायजे होतं."

"तुम्ही विचारलं कधी?"

"आता असं तोंडावर कोण विचारतंय ओ? बरं दिसतंय काय ते?"

त्यांना खरोखर वाईट वाटत होतं. त्या माणसाचं हेच मला अजून उलगडत नाही. त्यांनी मला सांगितलं की शाळेत त्यांचा जवळचा दोस्त आमच्यातलाच होता, एका बाकावर बसायचे, त्याच्या घरी जेवलेत. मालकीणबाईही चांगल्या हायत, पण चार नातेवाईक येतात-जातात, त्यांना काय सांगायचं. तुमच्या आईंसाठी मी दुसरीकडं बघतो, तुमच्या लोकांची वस्ती हाय तिकडं, स्वस्तात पण मिळेल. गोड गोड बोलणं ऐकून ओकारी येते हे मी पूर्वी नुसतं म्हणायची पद्धत समजत होते.

मग ते पुढे वाकले. "एक सांगू? तुमच्या फौंड्रीत माल खराब निघाला की काय करतासा? कारण शोधून पुढचा उपाय लिवून ठेवतासा न्हवं? तुमीच सांगितलासा मला. मग हे जे झालं, ह्याचंबी लिवा. माझी पत जाते ओ मालकाकडं. आडनावावरनं फसायला होतंय ह्यो आमचा नेहमीचा घोळ हाय."

माझी आई त्यांच्या लेखी खराब निघालेला माल होती, आणि पुढे तसा निघू नये याचा उपाय मीच लिहायचा होता. हे बोलताना त्यांच्या डोळ्यांत टिंगल नव्हती. शिकलेल्या माणसाचं ज्ञान वापरून घेतल्याचं समाधान होतं.

तिथून उठून यायला हवं होतं असं कुणी म्हणेल. पण माझं डोकं फिरलं होतं. मला वाटलं, लिहितेच. असं लिहिते की वाचणाऱ्याला झाकायला जागा राहू नये. इतके दिवस हे सगळं चुकचुकण्यात आणि हसण्यात चाललं आहे, ते एकदा छापील अक्षरांत समोर आलं तर कुणाला तरी लाज वाटेल. अण्णांना नाही तर बंगळूरच्या कंपनीला. एवढी मोठी कंपनी, वकील असतील, शिकलेली माणसं असतील. ते म्हणतील, हे काय आहे? हा बेकायदा प्रकार पहिल्यांदा बंद करा. मग मालकीणबाईंनाही कुणीतरी दोन शब्द सांगेल. आईचं अंगण त्या आशेवर मी सोडलं नव्हतं.

म्हणून चौथ्या प्रकरणात मी लिहिलं: गावावरून पडलेल्या आडनावावर विसंबू नये. ग्राहकाचं गावातलं घर कोणत्या बाजूला आहे याची ओळखीच्या माणसाकडून खात्री करून घ्यावी. खात्री होईपर्यंत ग्राहकाला मालकाच्या घरी नेऊ नये. घर गेले असे सांगावे. आणि त्याखाली कारण: कारण बरेच मालक दलित, बौद्ध आणि मुसलमान कुटुंबांना घर देत नाहीत, आणि हे ऑफिस त्यांना त्यात मदत करते.

अण्णांनी ते माझ्यासमोर सावकाश वाचलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होते. त्यांनी मान डोलावली. "लई स्वच्छ लिवलंय. आता कुणाचं चुकायचं न्हाय," असं म्हणून खाली सही केली.

कंपनीकडून नियमावली मंजूर होऊन आली तेव्हा मला ऑफिसात बोलावणं आलं. अण्णांनी नवी छापील प्रत दिली, इंग्रजी आणि कन्नडसकट. मी उभ्या उभ्या चौथं प्रकरण काढलं. मथळा बदलला होता. 'ग्राहक-अनुरूपता पडताळणी'. खाली चौकोन आणि बाण काढून सुरेख आकृती केली होती. पहिला चौकोन आडनाव, दुसरा गाव, तिसरा स्थानिक चौकशी. कारणाचं वाक्य गाळलं होतं. माझं वाक्य त्यांनी काढलं होतं आणि पद्धत ठेवली होती.

त्यानंतर बोर्डाचं उद्घाटन झालं. वर कन्नड, खाली इंग्रजी, फुलांच्या माळा, पेढे. बंगळूरहून दोन पाहुणे आले होते, सुटाबुटातले, नम्र. मी जाणार नव्हते. पण आई म्हणाली, जा, पाहुण्यांना घराचं विचारून बघ, थोर माणसं असत्यात. मी तेवढ्यासाठी गेले. मला पुढच्या रांगेत बसवलं आणि नावाने पुकारून शाल आणि नारळ दिला. मग अण्णांनी माईक हातात घेतला.

"लोक म्हणत्यात, ह्या धंद्यात जातपात चालते," ते म्हणाले. "आमच्यात तसलं काय न्हाय. हे आमचं पुस्तक कुणी लिवलंय? ह्या मॅडमनी. ह्या कुठल्या समाजाच्या, विचारा त्यांनाच. आमच्या ऑफिसचा कायदाच त्यांच्या हातचा हाय."

टाळ्या वाजल्या. फोनवाली बाई सगळ्यांत जोरात वाजवत होती. पाहुण्यांनी माझ्याकडे बघून हात जोडले.

मी शाल अंगावर असतानाच त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि कन्नडमध्ये विचारलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. माझ्या आईला जिना चढवत नाही. अनगोळातलं तळमजल्याचं एक घर याच ऑफिसाकडे अजून रिकामं आहे. आमची जात कळली म्हणून ते आम्हाला मिळालं नाही. तुमचा बोर्ड आता इथं लागला आहे. ते घर तुम्ही माझ्या आईला मिळवून देणार का?

अण्णा हसत हसत मध्ये यायला निघाले, पण थोरल्या पाहुण्याने त्यांना हाताने थांबवलं. तो उद्धट नव्हता. त्याने नवी प्रत उघडली, पानं उलटून चौथं प्रकरण काढलं आणि ती आकृती माझ्यासमोर धरली. तिसऱ्या चौकोनावर बोट ठेवून तो समजावणीच्या सुरात म्हणाला, "मॅडम, इथं बघा. ही पडताळणी पूर्ण झाल्याशिवाय आमच्या माणसाला घर दाखवता येत नाही. आणि तुमच्या बाबतीत तर ती पूर्ण झालेलीच आहे, उत्तर 'नाही' असं आलंय. हे तुमच्यापेक्षा जास्त कुणाला माहीत? तुम्हीच तर लिहिलंय."

आजूबाजूचे लोक हलकेच हसले, कौतुकाने. कुणीतरी माझ्या हातात पेढा ठेवला.

मी रिक्षाने घरी आले. आई गॅलरीतून खाली बघत बसली होती. तिने मला शालीसकट येताना बघितलं आणि मी वर पोचताच विचारलं, "सत्कार कशाचा केला गं?"

ते मी तिला अजून सांगितलेलं नाही.